मुक्काम नेवासा, जेवणाची पावती नाही

१२ मे, सोम.
नेवासा दौरा. सहा विहिरींची पाणीपातळी मोजली. सगळ्यांचं पाणी खोल. ड्रायव्हर कदम ढाब्यावर बाहेर खाटेवर जेवला. मला आत 'फॅमिली'त. चार खुर्च्या, मी एकटी. वेटर : "आजून कोन येनार हाय का?" नाही म्हटलं. अर्धी भाकरी टाकून उठले. हे गेल्यापासून असंच.

१३ मे, मंगळ.
आजची विहीर मार्थाबाईंच्या अंगणात. रिटायर शिक्षिका, सत्तरीच्या, एकट्याच राहतात. टेप वर ओढत होते तर म्हणाल्या, "जेवलीस का गं?" खोटं बोलवेना. पिठलं, भाकरी, कांदा. आधी डोळे मिटून प्रार्थना. त्यात माझंही नाव. पैसे पुढे केले तर "येडी का काय तू?"

१४ मे, बुध.
वाट वाकडी करून पुन्हा तिथंच. माझं ताट वाढून ठेवलेलं.

२० मे, मंगळ.
प्रवासभत्त्याचं बिल परत. लेखा शाखेचे पाठक : "सोमवारची पावती आहे. मंगळ-बुध उपाशी होता? जेवणाची पावती नाही, मग तुम्ही तिथं होता कशावरून?" दोन दिवस रजेत धरणार.

२२ मे, गुरु.
कदमनं ढाब्याचं कोरं बिल आणून दिलं. "मॅडम, भरा अन् मोकळं व्हा. समदेच भरत्यात." पेन हातात घेतलं. 'दोन थाळ्या' लिहवेना. कुणीतरी प्रेमानं वाढलं होतं...

२४ मे, शनि.
सुट्टी. एसटीनं नेवासा. बाईंना सगळं सांगितलं, चार ओळी लिहून द्या म्हटलं. त्यांनी आधी चष्मा पुसला. मग, "म्हणजे मी खानावळवाली झाले की." चष्मा लावून लिहिलं : 'दोन्ही दिवस दुपारी माझ्या घरी जेवल्या. पैसे घेतले नाहीत.' सही, खाली फोन नंबर. अक्षर फळ्यावरचं. आज पाणी दिलं, जेवायचं विचारलं नाही. मीही थांबले नाही. साडेबाराच वाजले होते.

२६ मे, सोम.
कागद पाठकांना दिला. दोनदा वाचला. "असं चालत नाही, मॅडम. साहेबांना विचारतो."
घरी येऊन बाईंना फोन लावला. "विहिरीला पाणी किती आहे?" एवढंच विचारलं.
"थांब, बघून सांगते."
फोन न ठेवताच गेल्या. चपलांचा आवाज लांब गेला. मी कानाला लावून बसले.