पूल मोकळा होता

प्रिय छोट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहायला बसले. सगळ्यांच्या देखत सख्ख्या बहिणीने तोंड बंद केलं, की कोणालाही झोंबेलच.

त्या दिवशी वादळाने खोऱ्यातले मोबाईल बंद पडले होते. बाबांच्या रुग्णवाहिकेत करवतीत हात सापडलेला सुतार, शेजारी त्याची बायको, आणि त्यांच्याशी बोलायला माझा हौशी रेडिओ, म्हणजे हॅम संच, तेवढा उरलेला. तो घरच्या तारेवरच्या इंटरनेटला जोडलेला, म्हणून इतक्या लांबून तू बोललास ते थेट बाबांच्या गाडीत वाजलं. "बाबा, दवाखान्याकडचा पूल मोकळा झालाय, निघा!" मी विचारलं, "कोणी पाहिलं?" तू म्हणालास, "अगं, सगळ्या ग्रुपवर फिरतंय!" आणि पुन्हा तेच सुरू केलंस. मी तुझी जोडणी तोडली.

रेडिओचा परवाना माझ्या नावावर आहे, छोट्या. त्या संचातून जे बाहेर पडतं, ते इंटरनेटवरून कोणीही बोललेलं असो, त्याचा जाब मलाच द्यायचा असतो. पूल खचलेला असता तर? बाबा विचारत होते, "पोरी, जाऊ की नको? याचं रक्त थांबत नाहीये." मागे ती बाई रडत होती, तेही ऐकू येत होतं. मी कसंबसं म्हटलं, "बातमी खात्रीची नाही. घाटाने वळसा घ्या."

वळशात फार वेळ गेला. सुतार वाचला, पण उजवा हात काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणला असता तर कदाचित...

पूल मोकळाच होता. तुझं खरं होतं.

बाबांनी त्या बाईला सांगून टाकलंय, की पूल बंद होता. मला म्हणाले, "तू गप्प बस, मी निस्तरतो." तेव्हापासून जेवताना आम्ही एकमेकांकडे बघतही नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी जोडणी तोडेनच, असं मनाशी म्हणते, आणि लगेच तिचं रडणं कानात येतं.

रविवारी ती घरी येतेय. आमचे आभार मानायला! ते आभार माझ्या घशाखाली उतरायचे नाहीत. मी तिला सगळं सांगणार आहे. मग ती तुलाही विचारेल. कितीही रागात असलास तरी तू मला पाठीशी घालशील, हे ठाऊक आहे, म्हणूनच हे पत्र. तसं करू नकोस. जे बोललास, ते जसंच्या तसं सांग. माझ्यासाठी तुझ्या तोंडून खोटं निघायला नको.

तुझीच,
ताई