न समजलेलं लिहिणारा वर्ग

प्रिय दादा,

उद्या तपासणीचे साहेब पुन्हा आपल्या शाळेत येताहेत. पोरांच्या पाट्या कोऱ्या दिसल्या पाहिजेत, असं हेडमास्तरांनी मला बजावलंय. आईशी हे बोलवत नाही, तिच्या डोळ्यांचं पाणी अजून खळत नाही. मग बोलू कुणाशी? म्हणून तुलाच लिहायला बसलोय.

तुझं खूळ मला आधी कुठे पटलं होतं? सरकारी हुकमानं शिकवायचं उर्दूत, पण धडा कुठल्याही विषयाचा असो, शेवटी पोरांनी आपल्या बोलीत पाटीवर लिहायचं, काय समजलं आणि काय नाही. भाषेच्या तासाला ठीक आहे, पण गणितात कसलं लेखन, असं मी म्हणायचो. तू मला ओढत नेऊन तुझ्या वर्गात मागे बसवलंस.

भागाकाराची रीत उर्दूत घडाघडा म्हणणाऱ्या गंगारामनं लिहिलं होतं, कोणत्या आकड्यानं कोणाला भागायचं तेच कळलं नाही. वर्षभर तो पाठांतरावर पास होत होता! भूगोलात एकानं लिहिलं, नकाशात गोदावरी निळी काऊन, आपली तं गढूळ राह्यते? तू केवढा हसलास! मग पुढचा अख्खा तास नकाशा कसा वाचायचा यावरच घेतलास. त्या दिवसापासून मीही माझ्या वर्गात लिहून घ्यायला लागलो.

पण दादा, त्या पाट्या साहेबांपुढे मांडायला तुला कुणी सांगितलं होतं? तुला वाटलं, शाबासकी मिळेल. हेडमास्तर एकेक पाटी त्यांना उर्दूत करून सांगत गेले आणि साहेबांनी फक्त 'नाही समजलं' एवढंच ऐकलं.

"बच्चे खुद लिख रहे हैं कि समझे नहीं. फिर आप पढ़ाते क्या हैं?"

तू समजवायला गेलास, तो उद्धटपणा ठरला. शेजारच्या वर्गातल्या घोकंपट्टीला मात्र उत्तम शेरा मिळाला.

तुझी बदली जंगलातल्या शाळेवर झाली. तिकडे हिवतापानं माणसं मरतात, नोकरी सोड, म्हणून आई किती विनवत होती. तू म्हणालास, "तिथं बी पोरं आहेत ना, आई. त्याईले कोन इचारते?"

दिवाळीला आलास तेव्हा तुझी हाडं दिसत होती. तिथली पोरं गोंडी बोलतात, म्हणून तू त्यांच्याकडूनच शब्द शिकत होतास आणि त्याच कौतुकात होतास. हिवतापावरचं कोयनेल तरी मिळत होतं का रे तिथे?

तुझं सुतक फिटल्यावर शाळेत गेलो. तुझा वर्ग आता माझ्याकडेच आहे, तिथे तू गेल्याचं सांगितलं. पुढे शिकवणं सुचेना, म्हणून लिहायला सांगितलं. गंगारामनं लिहिलं, "मास्तरनं आमाले इचारलं म्हनून त्याईले तिकडं धाडलं काय?" मला पोरांसमोरच रडू कोसळलं.

उद्या पाट्या कोऱ्या राहणार नाहीत, दादा. मलाही तुझ्याच जागी पाठवतील, ती जागा रिकामीच आहे. भीती वाटते, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? आईचं काय होईल, याचा तर जास्तच घोर आहे. पण गेलोच, तर तिथल्या पोरांना आधी विचारीन, तुमच्या मास्तरांना कोणत्या शब्दापर्यंत शिकवलं होतं? मी तिथून पुढे शिकीन.

तुझा धाकटा,
वामन