बटनाची प्लेट की अस्तराची

अण्णा, तुम्ही लिलावात घेतलेल्या मिलिटरी गाडीचा क्लच बदलला. श्रावण सरता सरता ती माळाच्या चढावर थांबली. इंजिन ओरडत होतं आणि चाकं जागची हलत नव्हती. मागे नुसते रिकामे क्रेट होते, तरी ही तऱ्हा. सीताफळं डोळे उघडायला लागली होती. आपली बाग माळापलीकडच्या खोलग्यात, त्यामुळे भरलेली गाडी तो दगडी चढ चढूनच बाहेर यायची, आणि त्या वाटेला दुसरी कुठली गाडी जात नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं. तुमचा नातू म्हणाला, "आई, आता पुरे. गाडी भंगारात दे अन् बाग व्यापाऱ्याला झाडावरच देऊन टाक." तुम्ही लावलेल्या झाडांवर परक्याने चढायचं, हे मला सहन होणारं नव्हतं. पण रागाच्या भरात मी शब्द देऊन बसले, की पहिली तोड याच गाडीतून वर आली नाही तर तू म्हणशील तसं. मी दिलेला शब्द मागे घेत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

क्लच म्हटलं की मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी कॉलेज संपवून नुकती घरी आलेय आणि तुम्ही मला गाडी शिकवताय. चढावर समोरून म्हशी येतात. मी हँडब्रेक न ओढता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरते आणि म्हशी जाईपर्यंत जळका वास सुटतो. तुम्ही खाली उतरता आणि गुराख्यांच्या देखत म्हणता, "बीएस्सी झालीस नव्हं? घर्षणाचा धडा गाळला व्हता का परीक्षेला?" दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही चुलीपुढे दोन ताटल्या घेतल्या, मध्ये गरम भाकरी ठेवली. "ही खालची इंजिन, ही वरची गिअरबॉक्स. मधली भाकरी म्हंजे क्लच प्लेट. दाबून धरली की तिघं संगं फिरतात. अर्धवट सोडली की भाकरी घासती." तुम्ही ताटली फिरवली आणि भाकरीचा चुरा झाला. आई म्हणाली, "पोरीला शिकवा की, पर माझ्या भाकरीवर नगं!" तुम्ही तो चुरा दुधात कालवून खाल्लात आणि जाता जाता गाडीची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवलीत. एवढी चांगली भेट मला नंतर कुणी दिली नाही.

गाडी ओढून उमरग्याला नेली. हायवेवरच्या गॅरेजचा मिस्त्री माझा विद्यार्थी निघाला. आठवीत मी त्याला किती वेळा बाकावर उभं केलं असेल, त्याला गणती नाही. आता त्याच्या मिशा पिकल्यात. मी चौकशी करूनच गेले होते. सरळ सांगितलं, "बटनाची प्लेट घाल." हायवेच्या जड गाड्यांना घालतात ती, नेहमीच्या मऊ अस्तराच्या जागी सिरॅमिकच्या कडक टिकल्या असलेली. "सगळ्यांत कडक असेल ती. पुन्हा जळायला नको."

तो मान खाजवत म्हणाला, "बाई, कडक चांगलंच. पर तुमाला चढावर गाडी हळू उचलायचीय का झटक्यानं?"

"मला शिकवू नकोस."

"माझी काय हिंमत! नुसती एक परीक्षा घेऊ. म्या चुकलो तर बाकावर उभा ऱ्हातो."

"आणि मी चुकले तर मी," असं माझ्या तोंडून निघून गेलं. सगळं गॅरेज हसलं.

तिथं बटनाची प्लेट घातलेला एक ट्रक उभा होता. गॅरेजवाल्याला द्यायला मी तोडीआधीच पिकलेल्या सीताफळांचा एक क्रेट नेला होता, तो त्याने न बांधताच मागे ठेवला आणि मला मुरमाच्या चढावर गाडी घ्यायला सांगितलं. मी होता होईल तेवढ्या हळू पाय उचलला. ट्रकने लाथ झाडल्यासारखी उडी मारली. पुन्हा घेतली, पुन्हा उडी. तिसऱ्यांदा क्रेटच उलटला. मिस्त्री फुटलेलं फळ हातात घेऊन म्हणाला, "बघा बाई. बाजाराला जायच्या आदीच बासुंदी झाली! ही बटनं एकदम धरतात. हायवेला ठीक हाय, एकदा निघाली की थेट हैदराबाद. तुमाला दगडातनं रांगायचंय. जाड अस्तराची प्लेट घालू अन् तिला दाबणारी प्रेशर प्लेट जास्त जोराची. लोड असला तरी निसटायची न्हाय. पेडल जरा जड लागंल. गुडघा काय म्हणतो तुमचा?"

"गुडघ्याला मी विचारत नाही," मी म्हणाले आणि गॅरेजच्या लाकडी बाकावर चढले. तो हात जोडून "बाई, उतरा, गिऱ्हाईक बघायलेत" म्हणत राहिला. मी पाच मिनिटं घड्याळ लावून उभी राहिले. चहासुद्धा वरच घेतला. अण्णा, खोटं कशाला सांगू, मजा आली. प्लेट जिच्यावर घासते ती फ्लायव्हीलची चकती लेथवर सपाट करून आणि बेअरिंग नवं घालून तिसऱ्या दिवशी त्याने गाडी दिली.

पहिली तोड गेल्या आठवड्यात झाली. क्रेट भरले, हौद्याच्या वर गेले. नातू तुमचा मागून चालत होता, हातात हा एवढा धोंडा घेऊन, गाडी मागे घसरलीच तर चाकाखाली टाकायला. मी लो गिअर टाकला. पेडल खरंच जड आहे, गुडघ्याने तक्रार केली. हळूहळू पाय सोडला आणि गाडी अशी उचलली, अण्णा, की वरच्या क्रेटमधलं एक फळ हललं नाही. इंजिन एका सुरात चाललं होतं आणि चढ चाकाखालून मागे जात होता. वर आलो तरी त्याच्या हातात धोंडा तसाच. "आई, आता हा कुठं टाकू?" म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला. व्यापाऱ्याचं नाव त्यानंतर त्याने काढलेलं नाही.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा एक गोष्ट कबूल करते. माथ्यावर आल्यावर मी हॉर्न वाजवला. समोर माणूस नव्हतं, जनावर नव्हतं. चांगला तीनदा वाजवला. मुलाने विचारलं तेव्हा म्हणाले, हॉर्न तपासत होते.