मनकर्णाची गोधडी

पारनेर,
दि. १७ फेब्रुवारी १९७२

चि. मच्छिंद्र यास,

रंगनाथचा आशीर्वाद. इकडे मी बरा आहे, तुमच्याकडेही सगळी बरी असावीत. शिवरात्र होऊन गेली तरी पहाटेची थंडी सरली नाही. विहिरीत जनावरांपुरतं पाणी आहे. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली, ती कडब्यालाच धरायची.

तुझं पत्र पोचलं. शेवगावच्या सभेत मनकर्णाचं नाव घेऊ का, असं तू विचारलं आहेस. ‘आमच्या स्वर्गीय वहिनींनी अखेरच्या आजारात स्वतःच्या हातच्या गोधड्या बांगलादेशच्या निर्वासितांना दिल्या आणि आमच्या पक्षाने त्या पोचवल्या,’ असं तू बोलणार आहेस. उत्तराला उशीर झाला, कारण ते मला समक्ष द्यायचं होतं. शिवरात्रीच्या आधी मी शेवगावला येऊन गेलो. तू प्रचाराला गेला होतास. बनूने जेवू घातलं, राहा म्हणाली. मी राहिलो नाही, त्यात तिची चूक नाही.

गोधड्या कशा गेल्या, हे मी तुला पूर्वीही विचारलं होतं. एकदा तू म्हणालास नगरहून रेल्वेने. पुढे म्हणालास पुण्याहून ट्रकने. माणूस विसरतो, असं मी तेव्हा मनाला सांगितलं.

इथे आसाराम पाटलांच्या लोकांनीही कपडे गोळा केले. त्यांचं म्हणणं, निर्वासित हे सरकारचे पाहुणे आहेत, तेव्हा मदत सरकारच्या पक्षाकडेच द्यावी. तुम्ही म्हणता, सरकार लोकांच्या जिवावर नाव करून घेतं, खरी मदत आमचीच पोचते. एकदा दोन्हीकडची मंडळी पारावर भांडत होती. सहादेव म्हणाला, “आरं, निर्वासित हायती कुटल्या गावचे, येवढं सांगा. जो सांगंल त्याला माझं घोंगडं.” एकालाही सांगता आलं नाही. लोक खूप हसले. माझ्या घरातून गाठोडं गेलं होतं, मला हसू आलं नाही. आज या पाकिटावरही निर्वासितांच्या मदतीचं जादा तिकीट लावलं आहे. तेही कुठे जातं कोण जाणे.

दहावा झाल्यावर तू काय म्हणालास, ते तुला आठवत असेल. “दादा, मेलेल्या माणसाचं अंथरूण गावात कोण घेणार? नदीत सोडायचं ते तिकडं जाऊ दे. त्यांना काय ठाऊक ते कुणाचं.” मला ते पटलं, म्हणून मी दिलं. मनकर्णाने दिलं नाही. रेडिओवर ऐकून ती एवढंच म्हणाली होती, “लेकरं घिऊन चिखलात बसल्यात म्हनं.” त्यापुढे तिने काही सांगितलं नव्हतं. तेव्हा तुझ्या भाषणातलं ते वाक्य खरं नाही.

आता मुख्य गोष्ट लिहितो.

शेवगावहून परतताना एस.टी. बंद पडली. तिथे पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू आहे. पाणी प्यायला मी कामावर गेलो. बाभळीखाली एक बाळंतीण तान्ह्या पोराला घेऊन बसली होती. पोराखाली आपली गोधडी होती. नुसत्या रंगावरून मी म्हणत नाही. तीन कोपऱ्यांना हिरव्या खणाचे तुकडे होते. चौथ्याला खण पुरला नव्हता, म्हणून मनकर्णाने तुझ्या लग्नातला माझा तांबडा फेटा फाडून लावला होता. तेव्हा मी तिच्यावर रागावलो होतो.

मी विचारलं, “गोधडी कुठली, बाई?”

“पार्टीवाल्यांनी वाटली. निशाणी दावली आन शिक्का हेच्यावर मारा म्हनले. मला तर अजून मत बी न्हाई.” मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पोराला जवळ ओढलं. “माघारी न्यायला आलाव का?”

मच्छिंद्र, खरं सांगायचं तर तेच माझ्या मनात होतं. घरात मनकर्णाच्या हातचं आता काही उरलेलं नाही. नवी चादर आणून देतो, ही गोधडी मला दे, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण निघालं एवढंच, “आमच्या घरची आहे ही.”

तिचा चेहरा उतरला. “मेलेल्या मानसाची तर न्हाई ना, बाबा? सासू म्हनतीय, फुकट कोन देतंय, तिरडीवरची आसंल. पयल्यांदा मी लेकरू ठिवतच नव्हते. मग लई गारठा पडला. खरं सांगा.”

बोलता बोलता तिने पोराला उचललंही होतं. खाली नुसता मुरूम होता.

मी म्हणालो, “नाही. माझ्या बायकोने शिवली. ती घरी आहे. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून आता शिवत नाही.” डोळ्यांचं मी का जोडलं, मला माहीत नाही.

तिने पोराला परत गोधडीवर ठेवलं. टाक्यांवरून हात फिरवला. “लई बारीक हात हाय. नाव काय त्यांचं?” मी नाव सांगितलं. “मनकर्णाबाईला म्हनावं, साळूच्या पोराला ऊब लागली.”

गाडी सुरू झाली तसा मी निघालो.

तू म्हणशील, निर्वासित आता माघारी चालले, मग आपल्याच लोकांना दिलं तर काय बिघडलं? गोधडी साळूकडे गेली याचं मला वाईट वाटत नाही. पण मग सभेत बांगलादेशचं नाव कशाला? निर्वासितांना मदत पोचवली म्हणून भाषणात सांगायचं आणि इकडे त्याच गोधडीवर मतं मागायची, असं तुमचं चाललेलं दिसतं. तिकडच्यांना ठाऊक नसेल, पण मेलेल्याचं अंथरूण आपल्यात बाळंतिणीला देत नाहीत, हे तुला ठाऊक होतं. वाटणारे दुसरेच होते असं तू म्हणशील. म्हण. माझा विश्वास बसणार नाही.

तिथला मुकादम सांगत होता, तुमच्या सभेला त्या कामावरची माणसं ट्रकने नेणार आहेत. म्हणजे साळू आणि तिची सासू समोरच बसलेली असतील. तू ‘स्वर्गीय’ म्हणालास की ती सासू रात्र व्हायच्या आत गोधडी फेकून देईल.

तेव्हा मनकर्णाचं नाव सभेत नको. बाकी पक्षाचं काय ते तुम्ही बघा, मी कुणाला काही सांगायला जाणार नाही. या पत्राला उत्तर पाठवू नकोस. सभेनंतर मी त्या कामावर जाऊन येईन. पोर गोधडीवर आहे की मुरमावर, ते बघेन. तुझ्या घरी यायचं की नाही, ते त्यावर ठरेल.

बनूला व मुलांना आशीर्वाद.

रंगनाथ