कुंचीतला वरवंटा

आये, घर हलवायचं चाललंय आणि घरात काय कुठं हाय ते माझं मलाच कळंना झालंय. सकाळी उठून बघते तर चहाची गाळणी बांधून टाकलेली. कुठल्या पोत्यात, देवाला ठाऊक. मग पोरीच्या बाहुलीचं फडकं धुतलं आणि त्यातनं चहा गाळला. तुझ्या नातवानं भोरात दोन खोल्या घेतल्यात, तिसऱ्या मजल्यावर. तो तितं शाळेच्या पोरांची गाडी चालवतो. रोज हितनं जायचं-यायचं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यातच जातोय. सूनबाईचे दिवस भरत आलेत, तिसरं लेकरू. कुणी म्हणतं, पोटुशी बाई घरातनं हलवू नये. कुणी म्हणतं, दवाखान्याजवळ ने, पावसाच्या दिवसात हितं अडकून बसशील. दोन्ही म्हणणाऱ्या बाया एकाच ओट्यावर बसून सांगतात आणि मी दोघींनाबी व्हय व्हय म्हणते. उद्या सकाळी टेम्पो यायचा हाय. मी भरते आणि पोरं उपसतात. थोरला सहा वर्साचा, त्यानं काल डाळीच्या डब्यात शिरून बसायचं म्हणून डाळ परातीत वतली. धाकटी चार वर्साची, ती काय करते ते पुढं सांगते. त्यासाठीच तर हे लिहायला बसले, नायतर मला कुठलं आलंय लिहिणं. चौथीतनं तूच काढलंस, आता माझं अक्षर वाचून नाक मुरडू नको.

गोष्ट वरवंट्याची हाय. तूच दिलेल्या. का दिलेल्या न्हाई, तेच तर कळंना.

तुझ्या नातवानं परवाच सांगितलं, "आई, पाटा-वरवंटा हितंच ऱ्हाऊ दे. धाकटी काकू घेऊन जाईल मागनं. तितं मिक्सर हाय."

म्या म्हणलं, "मिक्सरात ठेचा व्हतो का? गडावरनं उतरलेली पोरं माझ्या हातचा ठेचा खाऊन बोटं चाटतात, ती काय मिक्सर बघून येत्यात?"

"आता कुठली पोरं आणि कुठला गड! भोरात कोण येतंय तुझं पिठलं-भाकर खायला? तिसरा मजला हाय, लिफ्ट न्हाई. दगूड कोण चढवणार?"

"आणि पाचवीला काय पुजायचं? बारशाला पाळण्याखालनं काय द्यायचं?"

तर सूनबाई आतनं पोटावर हात ठेवून म्हणते, "आत्या, मिक्सरचं भांडं देऊ की कुंचीत गुंडाळून. त्याला तर दांडीबी हाय धरायला."

मला हसू आलं आणि रागबी आला. दोन्ही एकदम आलं की मी भांडी आपटते, तुझ्यासारखीच. पाट्याचं मला काय वाटत न्हाई. पाटा हितला, माझ्या सासूच्या, म्हणजे आत्याबाईंच्या सासूपास्नंचा, जमिनीत अर्धा रुतलेला. तो उपटायचा तर भुई उकरावी लागंल. ऱ्हाऊ दे तो. पण वरवंटा हितला न्हाई. तो आपल्याकडचा, आंबवड्याच्या बाजूचा. ज्याच्या बारशाचा तो वरवंटा, तोच आता म्हणतो दगूड टाक. माणसाला कुठं ठाऊक असतंय आपल्याऐवजी पाळण्याखालनं कोण गेलंय ते.

आये, तू एकदा माझ्या हातावर उलथनं मारलं होतंस, ते आठवतंय का? मी धाकटीएवढीच असंन. वरवंटा फडक्यात गुंडाळून अंगणात घेऊन गेले होते, बाळ म्हणून. त्याला कडुनिंबाखाली झोपवलं आणि पाणी भरायला गेले, म्हणजे खोटं खोटं. तू पाट्याशी आलीस, हातात खोबरं-लसूण आणि वरवंटा न्हाई. तू अशी वरडलीस की शेजारची म्हातारी धावत आली. "जोडी मोडतीस व्हय गं भवाने! पाटा एकला पडला तर घरातलं माणूस एकलं पडतंय!" मग उलथनं. मग तूच माझ्या हाताला हळद लावत बसलेलीस आणि तोंडानं अजून शिव्या चालूच. ते माझ्या डोक्यात असं बसलं की हितं नांदायला आल्यावरबी रात्री भांडी आवरली की वरवंटा पाट्यावर आडवा हाय का ते बघूनच मी निजायची. अजून बघते.

मग तूच ती जोडी कशी मोडलीस?

बारशाचा दिवस मला लख्ख दिसतोय. भाताच्या लावणीपायी बारसं लांबत गेलेलं, म्हणून पाळण्यात घालणं आणि मला सासरी पाठवणं एकाच दिवशी उरकायचं ठरलं. हितनं आत्याबाई, मालक आणि दोन बाया आलेल्या. बाळाला नवी कुंची, वरवंट्याला घरातली जुनी, लाल, कडंला पिवळी फीत लावलेली. बाया पाळण्यावरनं वरवंटा देतात, खालनं घेतात, हसतात, बाळाच्या कानात कुर्र करतात. मग नाव ठेवलं आणि जेवणं झाली. आणि एकदम दादा बाहेरनं वरडायला लागले, एसटीची वेळ झाली, एसटीची वेळ झाली. माझ्या बापाला, दादांना, घाई झाली की सगळं घर आंधळं व्हायचं. कोण दुपटी गोळा करतंय, कोण शेक-शेगडीचा ओवा बांधतंय, पाळण्यातलं सगळं उचलून तू माझ्या जुन्या लुगड्यात टाकलंस आणि गठुडं बांधून मालकांच्या डोक्यावर दिलंस. भोरला एक एसटी, नसरापूरला दुसरी, मग फाट्यापास्नं चालत. मालक वाटंत दोनदा म्हणाले, "दुपटी लईच जड हैत गं तुमच्याकडची." हितं येऊन सोडलं तर दुपट्यांच्या मधी लाल कुंची, आणि कुंचीत वरवंटा.

आत्याबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. "अगं, सोनं न्हाई, भांडं न्हाई, व्याह्यांनी लेकीला दगूड दिला!" सगळ्या आळीत सांगून आल्या. पुढं कितीतरी वर्सं काय बिघडलं की तेच. भाजी खारट झाली तर, "आईनं काय शिकवलं? दगूड!" मीबी तोंडाची फटकळ, एकदा म्हणलं, "आत्याबाई, त्याच दगडानं वाटलेला ठेचा तुमी दोन भाकरींसंगं खाल्ला." तेव्हापास्नं जरा कमी झालं. हितल्या पाट्याचा वरवंटा मधी झिजून बसलेला, तो दारात अडसर म्हणून गेला, आणि तुझाच पाट्यावर चढला तो आजपातूर.

पण आये, तो तू दिलास का आला?

पंचमीला मी आले तेव्हा तू पाट्यावर चटणी वाटत होतीस, नदीतल्या गोट्यानं. गुळगुळीत काळा गोटा. मी दारात उभी. मला वाटलं तू इचारशील, आमचा वरवंटा कुठं गं. तू इचारलं न्हाईस. मग मला वाटलं आपण सांगावं, तो माझ्याकडं हाय. मीबी सांगितलं न्हाई. तू गोटा फिरवत ऱ्हायलीस आणि म्हणलीस, "उभी का? बस की." झालं. एवढंच. मग धाकट्या भावानं मला विहिरीवर नेऊन सांगितलं, "आक्के, तू गेलीस त्या दिवशी आयनं मला लई शिव्या घातल्या. दादांनी इचारलं वरवंटा कुठं, तर आय माझ्यावरच धावली, कुठं टाकलास मुडद्या म्हणून. म्या हातबी लावला नव्हता. आणि मागनं गुळाचा खडा दिला हातात. कशाचं काय कळंना." म्हणजे तुला ठाऊक नव्हतं, असंच मी धरून चालले. घाईत गेला, चुकून गेला.

आणि मग तू एकदाच हितं आलीस, आत्याबाई गेल्या तेव्हा भेटायला. चुलीपुढं बसलीस. तुझी नजर पाट्यावर गेली. मी भाकरी थापतेय आणि तुझ्याकडं बघतेय. तू वरवंटा उचललास, पदरानं पुसलास, परत आडवा ठेवलास. म्हणलीस, "मिरची जाडी ठिवतीस. बारीक वाट." त्यात राग होता का काय होतं, मला अजून थांग लागंना. तुझ्या रागाचा आणि मायेचा आवाज एकच होता, त्यात माणसानं काय वळखायचं? मग तूबी गेलीस, कायमची. आपल्या घरचा पाटा आता भावाच्या मोरीपुढं हाय, त्यावर कपडे धुत्यात. गोटा कुठं गेला कुणाला म्हाईत न्हाई.

आता तूच सांग, मी कुठली जोडी सांभाळायची? वरवंटा हितं ठेवला तर हितल्या पाट्याची जोडी ऱ्हाते, पण ती कुठं खरी जोडी हाय. भोरात नेला तर हितला पाटा एकला. आणि त्याचा सख्खा पाटा मोरीपुढं. तुझं उलथनं आठवलं की वाटतं ठेवावा. लेकरू यायचंय हे आठवलं की वाटतं न्यावा. आज दिवसभर तो तीनदा पोत्यात घातला आणि काढला. सूनबाई म्हणाली, "आत्या, तुमी आज तांदूळ निवडल्यागत दगूड निवडताय." त्यात बघते तर वरवंटा पाट्यावर न्हाईच. पोत्यातबी न्हाई. मी शोधत मागं गेले.

धाकटी मागल्या खोलीत, उतरवलेल्या पाळण्याच्या फळ्यांमधी बसलेली. मांडीवर लाल कुंची. येणाऱ्या बाळासाठी म्हणून मी टरंकेच्या तळातनं काढून ठेवलेली, तीच. फीत अजून पिवळी हाय. कुंचीत वरवंटा, आणि ही त्याला थोपटतेय. माझा हात उठला होता, आये. तोंडात "जोडी मोडतीस व्हय" आलंच होतं. ती माझ्याकडं बघून तोंडावर बोट ठेवून म्हणली, "आज्जे, गप. बाळ आत्ता निजलंय." मी गप झाले. मी! मग ती उठली, दोन्ही हातांनी पोटाशी धरून धापा टाकत आली आणि दुपट्यांचं गठुडं मी बांधायला उघडं ठेवलं होतं त्याच्या मधोमध ते ठेवलं. वरनं एक दुपटं पांघरलं. म्हणली, "बांध आता. त्याला भोरला यायचंय."

तेवढ्यात दारातनं तुझा नातू. "आई, वरवंटा कुठाय? काकूकडं देऊन टाकतो आत्ताच, उद्या घाई नको."

माझा हात गाठीवर. आणि काय झालं मला, थोरला नेमका समोरनं चाललेला, मी त्याच्यावरच धावले, "कुठं उधळलास रे वरवंटा मुडद्या? काय म्हणून जागेवर ऱ्हाऊ देत न्हाई!" त्यानं भोकाड पसरलं, "म्या न्हाई! म्या हात न्हाई लावला!" त्याचा बाप कंटाळला. "जाऊ दे आई, सापडला की दे," म्हणून गेला निघून. धाकटी माझ्याकडं बघत होती. मी गाठ मारली. करकचून मारली आणि गठुडं उचलून बाजूला ठेवलं. थोरला हुंदके देत होता, त्याला जवळ घेतलं, डब्यात हात घातला आणि त्याच्या हातात गूळ दिला.

गूळ देताना माझा हात तसाच ऱ्हायला, आये.

त्या दिवशी दादा दारात असंच इचारत असतील. भाऊ समोरनं जात असंल. आणि गठुडं तूच बांधलेलंस, तूच उचलून दिलेलंस. मी आजपातूर कधी दुपट्यांचं गठुडं बांधलं नव्हतं, सूनबाईची दोन्ही बाळंतपणं तिच्या माहेरी झाली, आणि माझ्या वेळी बांधायला तू होतीस नायतर आत्याबाई. आज बांधलं तेव्हा कळलं. दुपटी कशी कापसागत असतात. त्यात वरवंटा असला तर मनगट खाली जातंय. चुकायचं न्हाई ते कुणाच्या हाताला, कितीबी घाई असू दे.

पण मग सरळ दिला का न्हाईस? आणि पंचमीला म्हणली का न्हाईस, घेऊन गेलीस ते बरं केलंस? का मीच आता माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून असं जुळवतेय? दादांची घाई लईच होती. तुझं मनगटबी माझ्यापेक्षा दणकट होतं. तुला दुपटी आणि दगूड सारखंच लागलं असंल तर? आता कोण सांगणार. भावाला फोन करून इचारलं तर तो म्हणंल, आक्के, तुला घर हलवायचं हाय का डोकं हलवायचं हाय.

सूनबाईला अजून सांगितलं न्हाई. ती गठुडं उचलायला जाईल, तर आधी मीच उचलीन, तिला वजन उचलायचं न्हाई तसंबी. तिसऱ्या मजल्यावर पोचलं की मग काय व्हायचं ते होऊ दे. तितं पाटा न्हाई. ओट्यावर टेकवून ठेवीन, एकला. तुझी शिवी ऐकू येईल तेवढी ऐकून घेईन.

हा कागद त्याच गठुड्यात टाकावा असं मनात होतं, कुंचीपाशी, म्हणजे तुझ्याजवळ पोचल्यागत झालं असतं. पण त्याला गाठ सोडावी लागंल, आणि ती मला आता सोडवत न्हाई. म्हणून तो चुलीपाशीच ठेवते, सकाळी शेवटचा चहा व्हायचाय, पेटवायला लागंलच काहीतरी. एक मात्र सांगते. पंचमीला मी दारात उभी होते तेव्हा मला इचारायचं सुचलं न्हाई असं न्हाई. तू "चुकून गेला" म्हणली असतीस, तर मला तो परत द्यावा लागला असता.