भिंतीपलीकडच्या शेंगा

सोमवार, ४ तारीख
माझ्या वाटाण्याच्या वेलाला एक शेंग नाही. फुलं तर मरणाची आली होती, मग शेंगा गेल्या कुठे? पलीकडच्या दातांच्या डॉक्टरनेच ओरबाडल्या. मुलाने वॉर्निंग दिली, आई, शेजाऱ्याशी पुन्हा भांडलीस तर परसात फरशी घालून स्कूटर लावीन. मी कुठे भांडते? आजपासून तर अगदी शांत.

मंगळवार, ५
शांतपणे भिंतीवरून वीट टाकली. त्याची कुंडी फुटली. मधे ठेवावी कशाला?
जेवताना सुनेने वाटाणे वाढले. बाजारचे असून गोड. मागून घेतले. माझे याहून गोड निघाले असते, गेले मेल्याच्या पोटात.

गुरुवार, ७
भिंतीवर काचा रोवल्या. माझाच तळवा फाटला. सुनेला म्हटलं, कांदा चिरताना लागलं. म्हणे, आज कांदा कुठे होता? फार तोंड चालतं.

शुक्रवार, ८
स्टुलावर चढून पाहिलं. त्याच्या बाजूला वेल नुसता लगडलाय आणि हा खुशाल शेंगा तोडतोय. म्हणजे माझ्या वेलाचा जीव याच्या वेलाने शोषला. हातात लाटणं होतं. असतंच. त्याचा पुढचा दात पडला. रक्ताच्या गुळण्या टाकत "आजी, वेल तुमचा..." असं काहीतरी बरळला. दातांचाच डॉक्टर आहे, बसवील.
मुलगा म्हणाला, सॉरी म्हण. त्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या.

शनिवार, ९
डॉक्टर दवाखान्यात गेला तशी विळा घेऊन त्याच्या फाटकातून पलीकडे शिरले. वेल भिंतीच्या माथ्यापासून सपासप कापला. खाली पडला त्यावरही घाव घातले, पायाने चेचला. जिवाला थंड वाटलं. आता माझा वेल जोर धरील.

सोमवार, ११
सुनेने हाताला धरून परसात नेलं. मूळ आमच्या मातीत. वेल उन्हाकडे पळत भिंत चढला, शेंगा सगळ्या पलीकडे लागल्या. डॉक्टर त्या तोडून तिच्याकडे देत होता. ती म्हणाली, "तुम्ही जेवलात ते तुमचेच वाटाणे, आई. त्यांचं नाव ऐकलं तर ताट भिरकावाल, म्हणून बोलले नाही."
म्हणजे चूक हिचीच.
माझ्या बाजूला भिंतीपुरता बोडका खुंट उरलाय. फरश्या येऊन पडल्यात. मुलगा माझ्याशी बोलत नाही.
बेल वाजतेय. खिडकीतून दिसला, डॉक्टरच. तोंड सुजलेलं, हातात झाकलेलं भांडं. चेचल्यातून वाचलेल्या शेंगा सोलून आणल्या असणार.
दार सुनेनं उघडायचं. मी घरात नाही म्हणून सांगायचं. भांडं तेवढं घ्यायचं.