मंगळवारच्या गोधड्या

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. सकाळी ८ वाजून ३५ मिनिटे. आताच पर्जन्यमापकाची बाटली काढून पाहिली. कोरडी निघाली, वहीत ०.० लिहिले.

प्रिय मधुवंती,

हे फोनवरच सांगणार होतो, पण तू हसून "बोला, वेधशाळा" म्हणालीस की मला पुढचे सुचत नाही.

आमच्या अंगणात हे यंत्र बसवायला तू पुण्याहून आलीस, त्याला तीन पावसाळे झाले. दहावीपर्यंत आपण एका वर्गात. अकरावीत कॉलेज सोडलेल्या माझ्या हातात तू वही दिलीस. रोज साडेआठला मोजायचे. एखादा दिवस चुकला तर आकडा मनाने दोन दिवसांत वाटून लिहायचा नाही, 'दोन दिवसांचे एकत्र' लिहून शेजारी कारण लिहायचे. इतकेच बजावले होतेस.

१५ सप्टेंबरला, सोमवारी, मोजून झाल्यावर मी घरच्यांबरोबर पूर्णा गावी गेलो. संध्याकाळी परतायचे होते, पण आपल्या ओढ्याच्या पुलावरून पाणी गेले आणि एसटी बंद झाली. बुधवारी पहाटे निघून साडेआठच्या आत पोचलो, तर बाटलीत २३६ मिलिमीटर. पूर्ण्यात दोन्ही दिवस पाऊस होता, म्हणून इथेही तसेच समजून मंगळवारी १२० आणि बुधवारी ११६ लिहिले. दोन्ही आकडे सारखे आले तर खोटे दिसतील, एवढाही विचार केला. तुला पाठवले.

त्याच संध्याकाळी शेजारच्या कडूबाई म्हणाल्या, "सोमवारी दुपारून जे धरलं ते उजाडूस्तोवर. मंगळवारी तर म्या गोधड्या वाळू घातल्या, लेकरा. तू व्हतास कुठं?" म्हणजे सगळा पाऊस मंगळवारच्या साडेआठच्या आधीचा, एकाच दिवसाचा. तरी मी तुला दुरुस्ती पाठवली नाही.

काल तू सांगितलेस, की गोदाकाठच्या अतिवृष्टीवरचा तुझा अभ्यास महिनाअखेरीस सरकारकडे जाणार, आणि त्यातल्या एका दिवसाच्या सर्वांत मोठ्या पावसावरून आपल्या नव्या पुलाची उंची धरणार. त्यात निरीक्षक म्हणून माझे नाव छापणार. १२० धरून बांधलेला पूल २३६ला बुडेल. शाळेची पोरे त्याच पुलावरून जातात.

म्हणून खाली दुरुस्ती लिहिली आहे. माझे नाव वगळ. कारणाचा रकाना भरावा लागू नये म्हणूनच मी आकडे दोन दिवसांत वाटून लिहिले. ती वही तू वाचतेस.

मंगळवार, १६ सप्टेंबर : लिहिलेला १२०, खरा २३६.
बुधवार, १७ सप्टेंबर : लिहिलेला ११६, खरा ०.
गैरहजेरीचे कारण : पूर्णा येथे मुलगी पाहण्यास गेलो होतो. अजून होकार दिलेला नाही.

तुझाच,
ओमप्रकाश